पुडीवरची ओळ

दि. ४ जानेवारी

ती. आक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही त्याला तू बरं बरं म्हणतेस. मागे मी सांगितलं की दाढ काढावी लागली, तर तू म्हणालीस, वा, छान झालं. त्यापेक्षा आपली ही कागदी गाडीच बरी. उशिरा येते, पण सगळे प्रवासी घेऊन येते.

इकडे सगळं ठीक म्हणायचं. एका गोष्टीचा घोर लागलाय. आमची वर्षाची तपासणी दहा एप्रिलला आहे. गेल्या वर्षी माझ्या रक्तातली चरबी काठावर निघाली होती. आगाराच्या डॉक्टरांनी कागदावर लाल रेघ ओढली आणि म्हणाले, पुढच्या वर्षी या रेघेच्या खाली या, नाहीतर बस सोडा. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत गं. सत्तावीस वर्षं चौदा नंबरची बस चालवतोय. कुठल्या वळणावर कोण हात करणार हे मला डोळे मिटून सांगता येतं (मिटत नाही, घाबरू नकोस).

बसवरून उतरवलेल्या ड्रायव्हरला इथे हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवतात. एक जुना ड्रायव्हर तिथे असतो. दिवसभर लोकांच्या छत्र्यांना चिठ्ठ्या बांधतो. मी दिसलो की शेजारची रिकामी खुर्ची फडक्याने पुसतो. थट्टेनेच पुसतो, पण मी हल्ली लांबच्या दाराने जातो.

घरच्या सरकारने माझं तेलतूप बंद केलंय. उकडलेला पाला खातोय. काही दिवसांनी हॉर्नऐवजी मीच हंबरेन.

तुझी माया आहे म्हणून बस चालते. ती चालू ठेव.

तुझा
धाकटा


दि. १२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि आधी तुझ्या त्या खुर्ची पुसणाऱ्याचा राग आला. माझ्या भावाला असा सहजासहजी बसवू देते होय मी?

आता नीट ऐक. वाचनालयात मला हल्ली तीनच दिवस बोलावतात, पण बांधणीची जुनी कामं माझ्याशिवाय कोणाला जमत नाहीत. या महिन्यात आरोग्याच्या मासिकाचे बारा अंक एकत्र शिवायला आले. शाळा सुटली ती तुला काखेत घ्यायची होती म्हणून, पण शिवता शिवता जे डोळ्यांखालून गेलं तेच माझं कॉलेज. त्यात हिरव्या चहाच्या अर्कावर मोठा लेख होता. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ते मला एका झटक्यात कळलं, कारण मी जन्मभर तेच बघत आले. जुनं पान पिवळं का पडतं? हवा त्याला खाते. आतून, हळूहळू. माणसाचंही तसंच, आणि ही वस्तू त्याला पिवळं पडू देत नाही. रक्तातली चरबीही थोडी उतरते म्हणे. आता कपभर चहाने काय होणार, दर्यात खसखस! पण याच्या गोळ्या निघाल्यात. एका गोळीत कितीतरी कपांचा अर्क.

मी एक मोठी बाटली आणली. काचेची आहे, टपालात फुटेल, म्हणून तीस गोळ्यांच्या तीस पुड्या बांधून पाठवतेय. रोज एक. प्रत्येक पुडीच्या आत एक ओळ लिहिलीय, पुढची आधी उघडून वाचायची नाही. लहानपणी खाऊचा डबा आधीच चोरून उघडायचास, ती खोड अजून असेल.

आईचा नियम लक्षात आहे ना? औषध अनशेपोटी, वर घोटभर पाणी, आणि मग तासभर तोंड बंद. हाच नियम. आणि डॉक्टरांना हे सांगत बसू नकोस. चहाच तो, औषध थोडंच आहे? ते लोक स्वतःच्या कागदाबाहेरचं काही ऐकत नाहीत.

बाटलीवरचं लेबल इतकं देखणं होतं, हिरव्या पानांचं, सोनेरी काठाचं, की टाकवेना. वाफेवर सोडवलं आणि माझ्या कात्रणवहीत लावलं. चांगलं जाड होतं. भरपूर खळ लावून हाडाच्या पट्टीने घोटून बसवलं, कोपरा उचलायची बिशाद नाही. उरलेल्या गोळ्या डब्यात काढल्या, बाटलीत आता खळच ठेवते.

मीही घेते आहे, म्हणजे आपली बरोबरी.

आशीर्वाद रोजचेच, पुडी सोडून वेगळे.

आक्का


दि. १० फेब्रुवारी

ती. आक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

पुड्यांचं काय सांगू! पहाटे आगारात पहिली बस काढायच्या आधी सीटवर बसतो, पुडी उघडतो, गोळी गिळतो आणि ओळ वाचतो. पहिल्या दिवशी लिहिलं होतंस की डावा आरसा पूस. खरंच मळका होता! तू इतक्या लांबून पाहिलंस कसं? अकराव्या दिवशी आलं की तू माझी वेणी धरून चालायला शिकलास, अजून तिथे केस कमी आहेत. त्या दिवशी मी पहिला थांबा चुकवला. मागून एक बाई ओरडल्या तेव्हा भानावर आलो.

खोड अजून आहे, पण पुढची पुडी एकदाही उघडली नाही. शपथ.

वजन दीड किलो उतरलंय. न्याहारी नको वाटते, त्याचाही हातभार असेल. गोळी घेतल्यावर थोडं मळमळतं, आणि दुपारच्या फेरीत अंगातला जीव गेल्यासारखं होतं. तू म्हणतेस तर होईल ठीक. हिला काही सांगितलेलं नाही. कळलं तर म्हणेल, भावाबहिणीचा दवाखाना पुन्हा उघडला. मागच्या वेळी गुडघ्याला तू सांगितलेला लेप लावला होता आणि सोफ्याला डाग पडला, तो ती अजून पाहुण्यांना दाखवते.

चारच पुड्या उरल्यात. पुढच्या लवकर धाड. गोळ्यांसाठी नाही, तू मध्येच गोष्ट सोडून दिलीस म्हणून. मी शाळेतून पळून आलो त्या दिवशी तू काय केलंस ते अर्धंच राहिलंय.

अर्ध्या गोष्टीत लटकलेला,
धाकटा


दि. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दीड किलो! वाचून इतका आनंद झाला की ग्रंथपालांनाही सांगितलं. ते शिस्तीचे, मान डोलावून परत यादीत शिरले.

मळमळ आणि थकव्याचं मनाला लावून घेऊ नकोस. जुन्या पुस्तकाची पाठ काढली की आधी धूळच उडते, मग खरं काम दिसतं. साचलेलं निघतंय असं समज. आणि आता अर्ध्या वाटेवर गाडी उभी करू नकोस. मी हिशेब केला, तपासणीला आठ आठवडेसुद्धा राहिले नाहीत. म्हणून या खेपेस पुडीत दोन दोन गोळ्या घातल्यात. तुझा देह मोठा, माझ्यासारखी काडी नाहीस तू. एका गोळीने तुझं काय भिजणार?

वहिनीला आत्ता नको सांगूस. कागदावर रेघेखालचा आकडा आला की मीच पत्र लिहून सांगेन, आणि सोफ्याच्या डागाचाही त्यात निकाल लावेन.

तीस पुड्या सोबत. पळून आल्याची गोष्ट पहिल्या पाच पुड्यांत पुरी होते. नंतर नवी सुरू.

आक्का


दि. १० मार्च

ती. वन्संना,
सा. न.

काल वाचनालयात फोन करून तुमच्या ग्रंथपालांकडे निरोप ठेवला, की गोळ्यांची बाटली असेल त्यावरचं सगळं वाचून ताबडतोब रुग्णालयात कळवा. का, ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

हे रविवारपासून रुग्णालयात आहेत. कावीळ आहे. आठवड्यापूर्वी बसच्या आरशात यांना स्वतःचे डोळे पिवळे दिसले, तर यांनी आरसा पुसला. लघवी काळी होत होती, तेही सांगितलं नाही. रविवारी जिन्यातच खाली बसले. डॉक्टर म्हणाले यकृताला मोठी सूज आहे, दारू पिता का? आयुष्यात कधी नाही. मग तीन वेळा विचारलं, दुसरं काही औषध, काढा, पावडर, गोळी? तीनही वेळा नाही म्हणाले. मी शेजारी उभी राहून छातीठोकपणे सांगितलं, की यांचं खाणंपिणं माझ्या हातून जातं, मला माहीत नाही असं यांच्या पोटात काही जात नाही.

काल घरून यांचे कपडे आणायला गेले आणि गणवेशाच्या खिशात तुमचे कागद सापडले. सत्तेचाळीस. नीट चाप लावून ठेवलेले. सगळ्यांवर तुमचं अक्षर. रुग्णालयात यांच्या उशीखाली आणखी दोन रिकामे कागद मिळाले, आणि भरलेल्या पुड्या, अकरा. म्हणजे रुग्णालयातही दोन दिवस घेतच होते. नर्स न्याहारी आणायच्या आत.

मी विचारलं, डॉक्टरांना का नाही सांगितलं? तर म्हणाले, आक्काने लिहिलंय की तो चहा आहे, औषध नाही. वन्सं, अनशेपोटी घ्यायला ते औषध होतं, आणि डॉक्टरांना सांगायला चहा. हे कसलं शास्त्र?

तुम्ही यांना आईच्या जागी. मला हे घर तीस वर्षं रोज ऐकवतंय, मी कधी तोंड उघडलं नाही. पण आई मुलाला काही देते तेव्हा घरातल्या दुसऱ्या बाईपासून लपवून देत नाही.

तुम्ही येऊ नका. तुम्हाला पाहिलं की हे बरं असल्याचं नाटक करतील, आणि आता नाटक यांना झेपणार नाही.

वहिनी


दि. १२ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

आशीर्वाद लिहायला हात कचरतो, पण शिरस्ता मोडला तर तुला वाटेल मी रागावले.

निरोप मिळाला तेव्हा मी कात्रणवही घेऊन ग्रंथपालांच्या टेबलाशी गेले. लेबल पाहिलं. पुढे पानं, सोनेरी काठ, नाव. बाकी काही नाही. ते म्हणाले, एवढं जाड कसं? त्यांनी चष्मा वर करून कडेने पाहिलं आणि म्हणाले, बाई, हे दुहेरी आहे, पुस्तकासारखं उघडणारं. आतली बाजू तुम्ही चिकटवून टाकलीत.

किटली ठेवली. हाडाची पट्टी मी त्यांच्याच हाती दिली. जन्मभर चिकटलेली पानं सोडवली मी, भिजलेली, वाळवीने खाल्लेली, आणि एक पान माझ्याच हाताने घोटून बंद केलं होतं. आत बारीक अक्षरात जे होतं ते त्यांनी लगेच फोनवरून तुमच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. तुलाही उतरवून देते. दिवसाला एकच गोळी. जेवणासोबतच घ्यावी, रिकाम्या पोटी कधीही घेऊ नये. यकृताचा त्रास संभवतो. मळमळ, थकवा, गडद लघवी, डोळे पिवळे दिसल्यास तात्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

यातले पहिले दोन शब्द त्याने मला पत्रात लिहून कळवले होते, वहिनी. मळमळ कळवली. थकवा कळवला. मी त्यावर दोन गोळ्या पाठवल्या.

आणखी एक सांगायला हवं. अनशेपोटी मला सोसेना, तेव्हा मी तिसऱ्या दिवसापासून न्याहारीनंतर घेऊ लागले. मला काही झालं नाही. त्याला मात्र मी ते लिहिलं नाही. वाटलं, माझं पोट नाजूक, आईचा नियम कशाला मोडायचा.

तू येऊ नका म्हणालीस, येत नाही. तुझं खरं आहे, चोरून द्यायला नको होतं. तुझ्या हातून गेलं असतं तर तू ते जेवणानंतर दिलं असतंस. तू प्रत्येक गोष्ट जेवणानंतरच देतेस, त्यावरून मी तुला किती हसले आहे.

मूळ लेबल सोबत आहे. फाटलं आहे, पण वाचता येतं.

आक्का


दि. २८ एप्रिल

ती. आक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, बरेच दिवस पेन धरलं नव्हतं. घरी येऊन पंधरा दिवस झाले. यकृत सावरतंय. डॉक्टर म्हणाले नशीब की वेळेत थांबलं, आणखी पंधरवडा गेला असता तर त्यांच्याही हातात काही राहिलं नसतं. कपभर हिरवा चहा कोणी प्यायला तर त्यांना काही म्हणायचं नाही, पण ही अर्काची गोळी म्हणजे टाकीभर चहा एका घोटात, तोही उपाशीपोटी, असं त्यांनी मला समजावलं. चरबीवर तिचा गुण म्हणशील तर अगदी थोडा. रोज बसमधून एक थांबा आधी उतरून चालत गेलो असतो तरी झालं असतं म्हणे. बसच्या ड्रायव्हरला हे सांगतात!

दहा एप्रिल होऊन गेली. तेव्हा मी पलंगावर होतो. मी आजारी पडल्यापासून आगाराने महिनाभर वाट पाहिली, मग चौदा नंबर दुसऱ्याला दिली. वर्षभर तरी बस नाही, आणि वर्षाने माझं वय बस पुन्हा हाती द्यायच्या त्यांच्या नियमाबाहेर जातं. सोमवारपासून मी खिडकीत बसतो. त्या जुन्या ड्रायव्हरने खुर्ची पुसून ठेवली होती. या वेळी हसला नाही.

आता जे विचारायचं तुझ्या मनात असेल आणि तू विचारणार नाहीस, ते मीच सांगतो. दुसऱ्या आठवड्यातच मला कळत होतं की हे काही सोसत नाही. बंद करणार होतो. पण गोळी न घेता ओळ वाचणं मला चोरीसारखं वाटायचं. तू खाऊ द्यायचीस तेव्हा आधी हात धुवायला लावायचीस ना, तसं. आणि दुसऱ्या दिवशीची ओळ तर वाचायची होती. पळून आलो त्या दिवशी तू मला मारलं नाहीस, शाळेत येऊन मास्तरांना खोटं सांगितलंस की ताप होता, हे मला छप्पन्नाव्या वर्षी पुडीतून कळलं. कसं थांबणार होतो?

त्यात तुझा दोष नाही असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, मग कोणाचा, गोळीचा?

तुझी पत्रं आता ही आधी वाचते. मी हो म्हटलंय. राग मानू नकोस.

खिडकीतला,
धाकटा


दि. ६ मे

चि. धाकट्यास, आणि आधी वाचणाऱ्या चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

वाचावंच. मीच पूर्वी वाचायला द्यायला हवं होतं.

मोठं लिहवत नाही. वाचनालयाचं काम सोडलं. ग्रंथपाल नको म्हणत होते, पण लेबलावर पट्टी घोटायचा तो आवाज कुठलंही पुस्तक हातात घेतलं की कानात येतो, आणि एरवी मला नीट ऐकू येत नसलं तरी नेमकं हेच येतं.

गोष्ट अर्धी राहिली आहे तुझी. त्या अकरा पुड्या वहिनीने डॉक्टरांना दिल्या, त्यात होती. ती अर्धीच ठेवून मला मरायचं नाही. म्हणून सोबत अकरा पुड्या आहेत. आत गोळी नाही, काहीच नाही. फक्त ओळ. वहिनी, तू सगळ्या उघडून बघ आणि मग त्याला दे, वाटल्यास जेवणानंतर.

नको वाटल्या तर परत धाड. मी समजेन.

आक्का


दि. १७ मे

ती. आक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

पुड्या पोचल्या. हिने त्या उघडल्या नाहीत. टेबलावर माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, तुमच्या बहिणीच्या आहेत, तुम्हीच बघा. एवढं बोलून उकडलेला पाला वाढला. हिचा राग गेला असं समजू नकोस, पण पाल्यात आज थोडं मीठ होतं.

मी पहिली पुडी खिडकीत नेली. सकाळची गर्दी नव्हती. समोर एक चष्मा, तीन छत्र्या आणि एकाच पायाचा बूट, त्यांना चिठ्ठ्या बांधून झाल्या होत्या. तुझी घडी ओळखीची, दोन कोपरे आत आणि एक बाहेर. आणि आक्का, उघडायच्या आधी मी ती उजेडात धरली. मग कानाशी नेऊन हलवली. आत काही वाजतंय का, ते ऐकायला. हात आपोआप गेला. तू लिहिलं होतंस की काही नाही, आणि माझा विश्वासही होता, पण हात थांबला नाही. शेजारच्याने विचारलं, काय ऐकताय, तर मी म्हटलं, बहिणीचं पत्र.

मग उघडून वाचली. ओळ चांगली आहे. हसू आलं.

उरलेल्या दहा रोज एक उघडणार आहे. दहाव्या पुडीपर्यंत हलवायची सवय जाते का ते कळवीन. नाही गेली तरी कळवीन, खोटं लिहिणार नाही.

तुझी माया अशीच राहू दे, आता ती जेवून झाल्यावर घेतो.

धाकटा